पंडिता रमाबाई खरेच रडल्या नव्हत्या का?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमचा थोरला मुलगा गेला. ४१ वर्षांचा होता. आजार फार लांबला नाही. त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही. त्यानंतर महिनाभर माणसे भेटायला येत होती, त्यांच्यापैकी एकांच्या एका वाक्याबद्दल लिहायचे आहे.

भेटायला येणारा माणूस काहीतरी बोलतोच, त्याचा तरी काय दोष! कोणी म्हणाले, प्रभूची योजना आपल्याला कळत नाही. कोणी म्हणाले, देवालाही चांगली माणसे लागतात. पाळकसाहेबांनी ईयोबाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचला आणि ईयोबाच्या धीराबद्दल चार शब्द सांगितले. ते पुस्तक ४२ अध्यायांचे आहे आणि तिसऱ्या अध्यायापासून ईयोब आपल्या जन्मदिवसालाच शाप देऊ लागतो, हे मला माहीत होते. पण ती वेळ ते बोलण्याची नव्हती. मी मान हलवली.

मग आमच्या थोरल्या नणंदबाई आल्या. त्यांना आम्ही सगळेच ताई म्हणतो. आल्या, माझ्याजवळ बसल्या, पाठीवरून हात फिरवला. आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "वहिनी, असे खचून कसे चालेल? पंडिताबाईंकडे बघा ना. एकुलती एक लेक गेली, पण डोळ्यांतून टिपूस काढले नाही त्यांनी. विश्वास म्हणतात तो असा."

ताई मनाने प्रेमळ आहेत. त्यांनी हे मला टोचावे म्हणून म्हटले नव्हते. पण टोचले. बाकीच्यांची वाक्ये कानावरून गेली, हे राहिले. माझे रडणे म्हणजे माझ्या विश्वासातली उणीव, असा त्याचा अर्थ होत होता. आणि तो अर्थ रमाबाईंच्या नावावर लावला जात होता. त्यामुळे माझ्यातली इतिहासाची मास्तरीण जागी झाली म्हणा. दोन-तीन महिन्यांनी, जरा स्थिर झाल्यावर, कपाटातली त्यांच्यावरची आणि त्यांची स्वतःची पुस्तके खाली काढली आणि पुन्हा वाचायला बसले.

शाळेत मी रमाबाई वर्षानुवर्षे शिकवल्या. समाजसुधारकांच्या धड्यात त्या दोन-चार ओळींत येतात. शारदा सदन १८८९, मुक्ती सदन, केडगाव. परीक्षेत जोड्या लावा. चर्चमध्ये त्या वेगळ्या रूपात भेटतात, तिथे त्या संत असतात आणि संतांना कधी भूक लागत नाही. या दोन्ही रमाबाईंच्या मागे जी मुलगी आहे, तिची गोष्ट सांगितल्याशिवाय ताईंच्या वाक्याला उत्तर देता येत नाही. म्हणून तिथून सुरुवात करते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवायचे, एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांनी जातभाईंचा रोष पत्करला आणि रानात जाऊन आश्रम केला. आल्यागेल्याचे आदरातिथ्य करता करता कर्ज झाले, आश्रम सोडावा लागला. तेव्हा रमाबाई काही महिन्यांच्या होत्या. त्यांना वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगराखाली आणले. तेव्हापासून हे कुटुंब घर म्हणून कुठे राहिलेच नाही. तीर्थामागून तीर्थ, देवळात किंवा नदीकाठी पुराण सांगायचे, जे मिळेल त्यावर गुजराण करायची. भागवताचे हजारो श्लोक मुलीला पाठ. शिकवणारी आई, लक्ष्मीबाई. या आईबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिले गेले आहे. अनवाणी चालत, चूल मांडत-मोडत तिने मुलीला जे शिकवले, त्याच्याच जोरावर पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी त्या मुलीला पदवी दिली.

१८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. त्या दिवसांचा वृत्तान्त रमाबाईंनी स्वतः १८९७ साली लिहिला आहे, आणि पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीतही त्या पुन्हा त्याकडे वळल्या आहेत. मी आता जे सांगते आहे ते त्यावरूनच.

घरात पैसा नव्हता असे नाही, सुरुवातीला थोडाफार होता. पण संकट आले की दानधर्म करावा, देवाला प्रसन्न करून घ्यावे, अशी श्रद्धा. मग असलेला पैसा ब्राह्मणांना दक्षिणा देण्यात, पूजाअर्चेत गेला. पुढे दागिने विकले, मग भांडी, मग बरे कपडे. व्रते चालू, जप चालू, तीर्थातली स्नाने चालू. मजुरी करावी तर कधी केलेली नाही, आणि शास्त्र्याच्या घराण्याला ती कमीपणाची. भीक मागावी तर तोंड उघडत नाही. शेवटचा तांदळाचा दाणा संपला तेव्हा सगळे रानात गेले. मरायचे तर चारचौघांच्या नजरेआड मरावे म्हणून. पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर अकरा दिवस काढले. वडील म्हातारे, डोळे जवळजवळ गेलेले. त्यांनी ठरवले की आता पवित्र तळ्यात जलसमाधी घ्यायची, आणि आधी आपण जायचे. एकेकाला जवळ घेऊन निरोप दिला. रमाबाई धाकट्या, त्यांना सर्वांत शेवटी. आयुष्यभर देवाची सेवा कर, मी तुला त्याच्या हाती दिले आहे, अशा अर्थाचे ते बोलले. तेवढ्यात थोरला भाऊ श्रीनिवास पुढे आला आणि म्हणाला की जातीचा अभिमान गेला खड्ड्यात, मी कसलेही काम करतो, पण तुम्ही मरू नका. मंडळी रानातून बाहेर पडली. पण उशीर झाला होता. वडील वारले.

काही आठवड्यांतच आई अंथरुणाला खिळली. तिला बाजरीची भाकरी खावीशी वाटली. रमाबाई शेजारच्या एका घरी मागायला गेल्या. वय सोळाच्या आसपास. दारात उभ्या राहिल्या आणि शब्द फुटेना. रडू आवरू पाहतात तर ते नाका-डोळ्यांतून वाहायला लागले. घरातल्या बाईला काय ते कळले असावे, तिने भाकरी दिली. ती घेऊन धावत आईकडे आल्या. पण आईच्या पोटात आता काही जात नव्हते. तिला ती भाकरी खाताच आली नाही.

या ठिकाणी मी पुस्तक मिटून ठेवले. हा प्रसंग मी यापूर्वीही वाचला होता, पण तेव्हा तो 'दुष्काळाची झळ' या सदरातला एक दाखला म्हणून वाचला होता. माझ्या मुलालाही शेवटच्या आठवड्यात माझ्या हातची आमटी हवी होती. असो.

आई गेल्यावर तिला स्मशानात न्यायला कोणी येईना. या परक्या, भणंग ब्राह्मणांची जात तरी खरी कशावरून, अशी लोकांना शंका. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघे, भाऊ आणि रमाबाई असे चौघे झाले. स्मशान तीन मैलांवर होते. रमाबाई उंचीने बुटक्या. तिरडीची त्यांची बाजू खांद्यावर घेतली असती तर खाली झुकली असती, म्हणून त्यांनी ती डोक्यावर घेतली. मग थोरली बहीण गेली.

आता, सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या मनात या सगळ्यातून देवाबद्दल काय उरले असेल? तिच्या आईवडिलांनी विश्वास ठेवला नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही. होते-नव्हते ते सगळे त्यांनी देवाला वाहिले होते. आणि तरी असा शेवट झाला. आमच्याकडे काही प्रचारक इथे घाईने म्हणतात की त्यांचा देव खोटा होता म्हणून असे झाले. मला हे उत्तर कधीच पटले नाही. त्याच दुष्काळात ख्रिस्ती माणसेही मेली. आणि माझा मुलगा तर दर रविवारी उपासनेला जात होता. विशेष म्हणजे रमाबाईंनी स्वतः वडिलांचा हिशोब असा मांडलेला नाही. हिंदू धर्माच्या अनेक गोष्टींवर त्यांनी पुढे फार कडक लिहिले, काही ठिकाणी मला ते जास्तच कडक वाटते. पण वडिलांच्या त्या निरोपाबद्दल लिहिताना त्यांचा सूर बदलतो. वडिलांना जो देव ठाऊक नव्हता त्याचीच सेवा ते मनापासून करत होते, असे त्या मानतात. वडिलांनी ज्याच्या हाती दिले तो हात त्यांनी धरून ठेवला, फक्त त्याचे नाव त्यांना उशिरा कळले, असे त्यांचे म्हणणे.

त्यानंतरची वर्षे मी भरभर सांगते. भाऊ-बहीण हजारो मैल पायी भटकले, पार काश्मीर-पंजाबपर्यंत. झेलमच्या काठी थंडीत पांघरायला नाही म्हणून वाळूत कबरीसारखे खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून झोपले. हिमालयातल्या एका तीर्थी तळ्यातले डोंगर पुण्यवंतांकडे आपोआप तरंगत येतात असे कळले, तेव्हा भाऊ पाण्यात उतरून पोहत गेला आणि पाहतो तर तराफ्यांवर रचलेला चिखल, आणि तो ढकलणारे पुजारी! (आमच्या मंडळीत असे पुजारी नसतात असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.) तपासून पाहण्याची ही सवय रमाबाईंना तेव्हापासूनची. १८७८ साली दोघे कलकत्त्याला पोचले. तिथे 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न, जात निराळी, प्रांत निराळा. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा पटकीने गेला. वय वर्षे २३. मांडीवर दहा महिन्यांची मुलगी, आणि माहेर-सासर दोन्ही नाही.

पुणे, आर्य महिला समाज, मग १८८३ साली इंग्लंड. डॉक्टरीचे शिक्षण घ्यायचे होते, पण कान अधू होत चालले होते, ते राहून गेले. बरोबर नेलेल्या मैत्रिणीने, आनंदीबाई भगत यांनी, तिकडेच जिवाचे बरेवाईट करून घेतले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागे नीलकंठशास्त्री उर्फ फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता. हे गोऱ्हेही काशीचे पंडित, १८४८ साली ख्रिस्ती झालेले, आणि उभे आयुष्य शंकांशी झुंजत राहिलेले. शंका असलेल्या माणसाच्या लिहिण्याने दुसऱ्याला विश्वास सापडावा, हे मला फार बोलके वाटते.

बाप्तिस्म्यानंतर रमाबाई मुकाट झाल्या असतील असे वाटत असेल, तर सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार जरूर वाचावा. तो १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या पुस्तकात आहे. जेराल्डीनबाई त्यांच्या धर्ममाता, मनोरमा त्यांना 'आजीबाई' म्हणायची, इतकी जवळीक. पण त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, धर्मगुरूंचा अधिकार अशा एकेका मुद्द्यावर रमाबाई अडून बसतात. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढले ते दुसऱ्याचे चढवून घेण्यासाठी नव्हे, असे त्या स्पष्ट कळवतात. आता ज्या बाईंच्या आश्रयाला आपण लेकरासह राहिलो त्यांना असे लिहायला काय धैर्य लागत असेल! समोरून अहंकाराचा ठपका येतो, कृतघ्नतेचा येतो, तरी उत्तरे थांबत नाहीत. आज्ञाधारकपणा म्हणजेच विश्वास असे जर असेल, तर रमाबाई त्या परीक्षेत नापास झाल्या.

मायदेशी आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. १८९३ साली मुलींना बाटवतात म्हणून गहजब झाला, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला त्या वादात शिरायचे नाही. मला जायचे आहे १८९६ सालात.

त्या वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली. रमाबाई ३८ वर्षांच्या होत्या. सदनाचा खर्च ठरलेल्या देणगीवर चाललेला. अमेरिकेतल्या मंडळाने १८८७ साली दहा वर्षांसाठी मदत कबूल केली होती आणि ती मुदत संपत आली होती. शहाण्या माणसाने हात आखडता घ्यावा अशीच ही वेळ. पण त्या गेल्या. रस्त्याच्या कडेला बसलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या मुली त्यांनी पाहिल्या. ती भाकरीची गोष्ट त्यांनी लिहून काढली ती यानंतर, १८९७ साली, हे मला या वेळी वाचताना लक्षात आले. म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ ती आत होती. तिथल्या मुलींचे चेहरे पाहिले आणि ती बाहेर आली. शेकडो मुली त्यांनी पुण्याकडे आणल्या.

आणि पुण्यात प्लेग! शहरात नव्या मुली ठेवायची सोय उरली नाही. पुणे-दौंड रस्त्यावर केडगावला शेतीसाठी घेऊन ठेवलेली सुमारे शंभर एकर जमीन होती. तिथे तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्ती सदन म्हणून आज आपण ज्याला ओळखतो त्याची सुरुवात अशी झाली.

त्याच प्लेगच्या काळात त्यांच्या सदनातली एक मुलगी सरकारी प्लेग-व्यवस्थेत नेली गेली आणि परत आली नाही, ती वाईट माणसाच्या हाती लागली. रमाबाई तेव्हा गुडघे टेकून बसल्या नाहीत. म्हणजे, बसल्याही असतील, प्रार्थना त्यांची रोजचीच होती. पण त्याबरोबर त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात सरकारच्या व्यवस्थेवर जाहीर पत्र लिहिले. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप उडवून लावले. एक देशी विधवा, बहिरी होत चाललेली, साहेबांच्याच धर्माची, आणि साहेबांच्याच सरकारला छापील शब्दांत जाब विचारते. 'देवाची इच्छा' हे शब्द या ठिकाणी किती सोयीचे होते! रमाबाईंनी ती सोय घेतली नाही. त्या मुलीचे जे झाले ते माणसांनी केले होते, आणि माणसांना विचारायचे ते त्यांनी माणसांनाच विचारले.

केडगावच्या कामाबद्दल लिहायला लागले तर लेख संपणार नाही. १८९९-१९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या बायका-मुलांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. दोन हजार माणसांना दोन वेळ जेवायला घालायचे म्हणजे काय, हे ज्याने शाळेच्या सहलीला दोनशे मुलांचा स्वयंपाक पाहिला आहे त्याला थोडेफार कळेल. विहिरी खणल्या. शेती, गाईगुरे, हातमाग, तेलघाणा, शिवणकाम, छापखाना. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. आंध‌ळ्या मुलींची वेगळी सोय, मनोरमेने अमेरिकेत ब्रेल शिकून येऊन त्यांना वाचायला शिकवले. वडिलांच्या घरी मजुरी कमीपणाची होती म्हणून माणसे उपाशी मेली. मुलीने काढलेल्या घरात हाताने काम न करणारे कोणी नव्हते. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

पण सगळ्या मुली वाचल्या नाहीत. पुष्कळ जणी आणल्या तेव्हाच हाताबाहेर गेलेल्या होत्या. प्रार्थना त्यांच्यासाठीही झालीच असणार. १९०५ साली तिथे जे मोठे आत्मिक जागरण झाले त्याची वर्णने जगभर छापली गेली, आमच्याकडे अजून सांगतात. त्या मानाने त्या मेलेल्या मुलींबद्दल कोणी बोलत नाही. रमाबाईंना मात्र त्या ठाऊक होत्या. ज्या बाईने आईच्या तोंडापर्यंत भाकरी उशिरा नेली, तिने किती मुलींच्या तोंडापर्यंत पेज उशिरा नेली असेल! आणि तरी दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची.

आता मनोरमा. ताईंचे वाक्य तिच्यावरूनच होते.

वडिलांना तिने पाहिले ते न कळत्या वयात. बालपण इंग्लंडमध्ये नन्सच्या हवाली, कारण आई शिकत होती, मग अमेरिकेत फिरत होती. पुढे शिक्षण घेऊन परत आली आणि आईच्या कामाला जुंपली गेली. शारदा सदनची मुख्याध्यापिका झाली, पुढे गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. आईला ऐकू येईनासे झाले होते, तेव्हा बाहेरच्या जगाशी बोलणारी ती. तिचे स्वतःचे काही वेगळे आयुष्य व्हायचे राहिले का, असा प्रश्न मला नेहमी पडतो. आई म्हणून विचार करते तेव्हा रमाबाईंवर थोडा रागही येतो. मुक्तीच्या शेकडो मुलींना मोकळे करताना स्वतःच्या मुलीला त्यांनी फार घट्ट बांधून ठेवले.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ४० वर्षांची होती. रमाबाई ६३ वर्षांच्या. वडील, आई, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता हिच्यापुढे त्यांच्या रक्ताचे कोणी उरले नाही. त्या पुढे नऊ महिन्यांहूनही कमी जगल्या.

त्या दिवसांत त्यांच्या हातात एक काम होते. १९०४-०५च्या सुमारास त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले होते. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा त्यासाठी त्या उतारवयात शिकल्या. संस्कृतात ज्यांचा हात धरणारे थोडे, त्या रमाबाईंनी भाषांतरात जड संस्कृत शब्द टाळले. खेड्यातल्या, नुकत्याच अक्षरे शिकलेल्या बाईला वाचता आले पाहिजे म्हणून. केडगावच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवत. नवा करार आधी छापून झाला होता, जुना करार चालू होता. मनोरमा गेल्यावर रमाबाई पुन्हा त्या कागदांपाशी बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, ६४ वर्षे पूर्ण व्हायला १८ दिवस कमी. संपूर्ण बायबल छापून झाले १९२४ साली.

या नऊ महिन्यांवरूनच 'टिपूस काढले नाही' ही गोष्ट तयार झाली असणार. बाई कामाला बसलेली लोकांनी पाहिली आणि तिला रडू येत नाही असे ठरवले. आम्हा बायकांच्या बाबतीत हे नेहमीच होते. मी मुलाच्या मातीनंतर पाचव्या दिवशी कणीक मळत होते, तेव्हा समोर राहणाऱ्या बाईंनी "किती धीराच्या आहात हो तुम्ही" म्हणून माझे कौतुक केले होते.

ज्या बाईने ३९व्या वर्षी, एका मोठ्या संस्थेची चालक असताना, जगभरच्या देणगीदारांनी वाचावे म्हणून स्वतः छापले की मी परक्याच्या दारात उभी होते आणि माझे नाक-डोळे वाहत होते, त्या बाईच्या नावावर न रडण्याचा पराक्रम चिकटवणे मला तरी जमत नाही. तिला आपले रडणे लपवायचे असते तर ते तिला सहज करता आले असते. साक्षीला दुसरे कोणीच जिवंत नव्हते.

मी काही फार मोठी विश्वासाची बाई नाही. मुलगा गेल्यापासून प्रभूची प्रार्थना म्हणताना 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' इथे माझा आवाज खाली जातो. पूर्वी जात नव्हता. आधी मला वाटायचे की हे वाक्य नीट म्हणता येत नसेल तर चर्चमध्ये जाऊन काय उपयोग. सध्या मी जाते. त्या वाक्याशी थांबते, आणि पुढचे रोजच्या भाकरीचे वाक्य मोठ्याने म्हणते.

दिवाळीनंतर ताई पुन्हा आल्या होत्या. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, त्यांच्या गुडघ्यांचे झाले. मग मी उठले, पुस्तक आणले, खूण घातलेले पान उघडून त्यांच्या हातात दिले आणि म्हटले, "ताई, एवढे वाचा." त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, पुस्तक लांब धरून वाचतात. बराच वेळ वाचत होत्या. मी आत चहा टाकायला गेले. परत आले तर पुस्तक मांडीवर, चष्मा हातात.

"डोक्यावर?" त्यांनी विचारले.

"हो," मी म्हटले. "उंची पुरत नव्हती."

त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले.